चुलीतली गोवरी आणि विहिरीतला वायू

नागपुराहून अमरावतीस जाणाऱ्या हमरस्त्यावर, तिवसा तालुक्यात, मोझरी हे गाव आहे. तुकडोजी महाराजांनी १९३५ साली येथे गुरुकुंज आश्रम स्थापिला, आणि १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ग्रामगीते’त ग्रामशुद्धी, ग्रामआरोग्य व गोवंश ह्या विषयांस स्वतंत्र अध्याय दिले. हे तिन्ही विषय वऱ्हाडी घरात एकाच जागी एकत्र येतात. ती जागा म्हणजे चूल.

मेळघाटाचा डोंगरी भाग सोडला तर ह्या काळ्या रानात लाकूड थोडेच. कापूस निघाल्यावर उरलेल्या पऱ्हाट्या, तुरीच्या तुराट्या आणि शेणाच्या गोवऱ्या हेच येथील सरपण. ह्यांपैकी गोवरी सर्वांत महाग, जरी तिला कोणी पैसे मोजत नसले तरी. चुलीत गेलेले शेण शेताला मुकते आणि त्याचा धूर रांधणारीच्या डोळ्यांत जातो. त्याच शेणातून जाळ आणि खत ही दोन्ही मिळतील काय, असा हा प्रश्न होता.

त्याचे उत्तर पुष्कळ आधी, आणि तेही मुंबईसारख्या शहरात, सापडले होते. माटुंग्याच्या महारोग्यांच्या आश्रयगृहात १८९७ साली मैल्यापासून निघणारा वायू दिवाबत्तीसाठी वापरण्यात आला. पुढे १९३९ च्या सुमारास दिल्लीच्या कृषिसंशोधन संस्थेत डॉ. देसाई ह्यांनी शेणावर प्रयोग आरंभिले, आणि १९५१ च्या सुमारास जशभाई पटेल ह्यांनी लोखंडी तरत्या झाकणाचे संयंत्र बनविले. रचना साधी आहे. शेण व पाणी समभाग कालवून हवाबंद विहिरीत सोडावयाचे. वायू साचला की झाकण वर उचलले जाते, वापरला की खाली बसते. वायू नळीने शेगडीत येतो. बाहेर पडणारी मळी शेतास जाते, आणि तिच्यातील नत्र जळून गेलेले नसते. खादी व ग्रामोद्योग आयोगाने हीच रचना पुढे देशभर नेली. वर्धा नदीपलीकडे, वर्ध्याच्या मगनवाडीत, ग्रामोद्योग संघाने दुसरी वाट धरली होती. तेथील मगनचूल सरपण तेच ठेवी, मात्र धूर धुराड्यावाटे घराबाहेर काढी.

आता निवड कशी करावयाची? दोन घनमीटरच्या संयंत्रास रोज सुमारे पन्नास किलो शेण, म्हणजे चार-पाच जनावरे लागतात. त्यावर पाच-सहा माणसांचा स्वयंपाक होतो. एका गाईच्या धन्याने हे संयंत्र घेतले तर ते अर्धपोटी राहणार. लोखंडी झाकणास वर्षाला रंग न दिल्यास ते गंजते. म्हणून १९८४ साली पुढे आलेले, विटांच्या घुमटाचे ‘दीनबंधू’ संयंत्र अनेकांस परवडले. थंडीत वायू कमी होतो, हेही गृहिणीस आधी सांगावयास हवे; बहुधा सांगत नसत.

सरकारी हात १९७३ च्या तेलटंचाईनंतर सैल झाला. १९८१-८२ साली राष्ट्रीय बायोगॅस विकास प्रकल्प सुरू झाला. अनुदान संयंत्राच्या आकारमानावर आणि लाभार्थी कोणत्या वर्गातील आहे ह्यावर ठरे. अनुसूचित जाती-जमातींस ते अधिक मिळे. हेतू चांगलाच होता. पण पैसा विहीर बांधल्याबद्दल मिळे, जाळ टिकविल्याबद्दल नव्हे. साहजिकच गोठा न मोजता विहिरी खणण्याचा मोह झाला. पुढे बांधणाऱ्यास मिळणाऱ्या मेहनतान्यास काही वर्षांच्या देखभालीची हमी जोडली गेली. ही सुधारणा आरंभीच व्हावयास हवी होती.

ह्याच्या उलट उदाहरण इंग्लंडचे आहे. तेथे २०१४ च्या एप्रिलपासून २०२२ च्या मार्चपर्यंत, बाहेरच्या हवेतील किंवा जमिनीतील उष्णता विजेच्या साह्याने घरात ओढून घेणारा उष्णतापंप बसविणाऱ्या गृहस्थास सरकारी मदत मिळू शके. ती एकरकमी नव्हती. अपेक्षित उष्णतेचा हिशेब करून सात वर्षे, दर तिमाहीस, हप्त्याने येई. श्रीमंत देशाची ही चैन म्हणता येईल. शिवाय पंपाची मोठी किंमत आधी स्वतःच भरावी लागे, ही तिची खोट होतीच. तरीही पैसा वर्षानुवर्षांच्या उष्णतेशी बांधण्याची कल्पना वऱ्हाडच्या विहिरींस लागू पडली असती.

पुढे ट्रॅक्टर आला, बैलजोड्या घटल्या आणि शेणच आटले. २०१६ साली उज्ज्वला योजनेने गरीब घरांत सिलिंडर पोहोचविला. जोडणी मिळाली, पण पुन्हा भरणा करावयाचा खर्च घरावरच राहिला. तेव्हा स्वयंपाक वायूवर आणि आंघोळीच्या पाण्याचा हंडा पऱ्हाट्यांवर, अशी वाटणी पुष्कळ वऱ्हाडी घरांनी करून टाकली आहे. कापूस निघाल्यावर भिंतीशी पऱ्हाट्यांचा भारा अजून उभा राहतो.