टाळूवरचे बोट

शिरूर आणि दौंड तालुक्यांच्या जुन्या दप्तरांत घोडनदीची छावणी सापडते, १८७८ साली दौंडहून मनमाडकडे गेलेला लोहमार्ग सापडतो. परंतु भीमेच्या आणि घोडच्या काठच्या माळावर पाल ठोकून राहणाऱ्या फासेपारध्यांच्या घरी पावसाळ्याच्या तोंडी तान्ह्याला हगवण लागली म्हणजे त्याच्या आजीने काय केले, हे टिपून ठेवावे असे सरकारदरबारी क्वचितच कोणास वाटले असेल.

या मुलखातील आजी प्रथम टाळूवर बोट ठेवी. टाळू खोल गेली, डोळे ओढले, की तिला धोका कळे, आणि आजचा डॉक्टरही हेच चिन्ह पाहतो. मग सहाणेवर जायफळाचे दोन वेढे, मुरुडशेंग (पिळवटलेल्या आतड्यासारखी ही शेंग मुरड्यावर चालते असा पूर्वापार समज), डाळिंबाची साल, आणि चुलीवर तांदळाची पेज. दात येताहेत म्हणून सोसावे, दृष्ट लागली म्हणून मीठमिरची उतरावी. पटकी असेल तर मरीआईला नवस. यांतल्या पेजेला मी थोर उपचार मानतो. घात होई तो, जुलाब वाढतील या भीतीने मुलाचे पाणीच तोडले जाई तेव्हा.

दवाखाना दूर, आणि वाट त्याहून अवघड. गुन्हेगार जमाती कायद्याखाली नोंदलेल्या पारध्याला हजेरी चुकवून परवान्याविना गाव सोडता येत नसे. तो कायदा देशभरातून ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, तरी पोलीसपाटलाचा धाक पालांतून लगेच उठला नसेल.

पाणी तोडायचे नसून पाजायचे असते, हे पुढे दिसून आले. १९७१ साली पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनवीस यांनी साखर-मिठाचे पाणी पाजून असंख्य प्राण वाचविले, कारण साखरेच्या जोडीने मीठ व पाणी आजारी आतड्यातूनही रक्तात शोषले जाते. त्याच दशकात शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक येथे पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी गावातल्याच माणसांना आरोग्याचे प्रशिक्षण देण्याचा मार्ग धरला. लिटरभर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, अंगावरचे दूध चालूच, आणि आता चौदा दिवस जस्ताची गोळी: एवढे पालात पोहोचले, तर पेज रांधणाऱ्या हाताला त्यात परके काही वाटत नाही, अडते ते त्या लिटरभर स्वच्छ पाण्यापाशी.