१४९ कवट्या आणि पुण्याची एक विद्यार्थिनी

हेरकथेतली ती भयानक प्रयोगशाळा आठवते ना? माणसाच्या आनुवंशिकतेवर भलतंच काही शोधणारी? तशी एक संस्था खरंच होती, आणि पुण्याच्या इरावती कर्वे यांनी तिथेच पीएचडी केली.

१९२७ साली बर्लिनच्या डालेम भागात मानववंशशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजननाची कैसर विल्हेल्म संस्था सुरू झाली. तिचे संचालक ऑयगेन फिशर हेच इरावतीबाईंचे गाइड. गोऱ्यांच्या कवटीच्या दोन बाजू जास्त असमान असतात आणि त्यांच्या श्रेष्ठ बुद्धीचं मूळ त्यातच आहे, असं त्यांचं गृहीतक. बाईंनी १४९ कवट्या मोजल्या. असमानता होती, पण वंशाशी तिचा संबंध काही दिसेना. प्रबंधात त्यांनी तेच लिहिलं. १९३० साली पदवी मिळाली.

१९४२ मध्ये फर्शुअर संचालक झाले. त्यांचा जुना सहायक मेंगेले आउशवित्झमधून याच संस्थेत मृत कैद्यांचे डोळे पाठवायचा.

बाई १९३९ साली डेक्कन कॉलेजात आल्या. महाराष्ट्रातल्या जातीजमातींची शरीरमापं त्यांनीही घेतलीच; मोजमापाची पद्धत त्यांनी टाकून दिली नव्हती. म्हणून ही गोष्ट निव्वळ नायिकेची नाही.

तुम्ही पीएचडीला बसाल तेव्हा दोन प्रश्न वहीत लिहून ठेवा. गाइडच्या गृहीतकाविरुद्ध आकडे आले, तर ते लिहाल का? आणि हातातला नमुना कुणाच्या शरीरातून, कुणाच्या संमतीने आला?