एकच बीएमआय, दोन देह

२००४ मध्ये पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःच्याच देहांची तुलना मांडली. दोघांचा बीएमआय २२.३, चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के, युडकिनांची ९.१. भारतीयांसाठी अतिवजनाची सीमा २५ ऐवजी २३ धरली जाते, ती अशाच तफावतीमुळे.

साठवणुकीच्या पांढऱ्या चरबीहून निराळी, ऊर्जा जाळून उष्णता देणारी तपकिरी चरबी कोन्राड गेसनर यांनी १५५१ मध्येच मार्मोट या प्राण्यात पाहिली होती. प्रौढ माणसांतही ती कार्यरत असते, हे २००९ मध्ये सिद्ध झाले. २०१४ मध्ये लायडनच्या संशोधकांना दक्षिण आशियाई वंशाच्या निरोगी तरुणांत ती युरोपीय वंशीयांपेक्षा कमी आढळली. सडपातळ भारतीयांच्या मधुमेहास ही उणीव किती जबाबदार, हे मात्र त्या छोट्या अभ्यासातून ठरत नाही.