ध्यानातला कंप : खूण की विघ्न?

ध्यानाला बसल्यावर एखाद्याची मान आपोआप डोलू लागते, हात उडतो, पाठीच्या कण्यातून मुंग्या चढल्यासारखे वाटते. शेजारी म्हणतात, 'कुंडलिनी जागी झाली.' घरचे म्हणतात, 'डॉक्टरांना दाखवा.' श्रोतेहो, हा प्रश्न जुना आहे, आणि आपल्या ग्रंथांनीही त्याला एकच उत्तर दिलेले नाही.

पतंजलींनी योगसूत्रांच्या पहिल्या पादात विक्षेपांबरोबर येणाऱ्या गोष्टी सांगितल्या आहेत. त्यांत दुःख आणि दौर्मनस्य यांच्या जोडीला 'अंगमेजयत्व', म्हणजे अवयवांचा कंप, आहे. त्यांच्या लेखी कंप म्हणजे चित्त अजून स्थिर नसल्याचे लक्षण.

पंधराव्या शतकाच्या सुमारास स्वात्मारामांनी रचलेली हठप्रदीपिका वेगळे सांगते. प्राणायामाच्या कनिष्ठ अवस्थेत घाम येतो, मध्यम अवस्थेत कंप सुटतो. म्हणजे तोच कंप इथे वाटेवरचा एक टप्पा झाला. मात्र त्याच प्रकरणात इशाराही आहे : सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू माणसाळवतात, तसाच प्राण वश करावा; चुकीच्या अभ्यासाने उचकी, दमा, खोकला, डोके, कान आणि डोळ्यांचे दुखणे मागे लागते.

भक्तिमार्गाने तिसरा अर्थ लावला. स्वेद, रोमांच, कंप, अश्रू हे सात्त्विक भाव मूळचे भरताच्या नाट्यशास्त्रातले, नटासाठी सांगितलेले. पुढे तेच ईश्वरप्रेमाची खूण मानले गेले. कीर्तनात 'अष्टसात्त्विक भाव दाटून आले' असे आपण सहज म्हणतो, ते यामुळेच. इकडे 1290 मध्ये ज्ञानेश्वरांनी सहाव्या अध्यायात कुंडलिनीचे सविस्तर वर्णन करून नाथपंथाची ही विद्या मराठीत आणली.

विसाव्या शतकातले ठळक उदाहरण गोपी कृष्ण यांचे. जम्मूतले हे सरकारी कारकून सतरा वर्षे रोज पहाटे ध्यान करीत. डिसेंबर 1937 मध्ये त्यांना धबधब्यासारखा आवाज आणि कण्यातून चढणारा प्रकाश जाणवला. पुढे अंगाचा दाह, निद्रानाश आणि अन्नाची शिसारी यांनी ते खंगले. विचारायला जाणता माणूस सापडेना, ही त्यांची खरी व्यथा होती. 1967 मध्ये त्यांनी ही हकिगत पुस्तकात मांडली.

आता पाश्चात्त्य विद्यापीठांतही याची दखल घेतली जाते. 2017 मध्ये जेरेड लिंडाल, विलोबी ब्रिटन आणि सहकाऱ्यांनी 60 पाश्चात्त्य बौद्ध साधकांच्या मुलाखतींवर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी नोंदलेल्या अनुभवांत अनैच्छिक हालचाली आहेत, तशीच अंगात वीज खेळल्यासारखी संवेदनाही आहे. त्रास होणे न होणे हे साधकाची प्रकृती, त्याचा पूर्वेतिहास आणि भोवतालचा आधार यांच्याशीही निगडित असते, असे त्यांना दिसले.

म्हणून मला वाटते, कंपाला प्रमाणपत्र मानू नये आणि वेडही ठरवू नये. कंप सुटला म्हणून साधक मोठा होत नाही आणि न सुटणारा मागे पडत नाही. आसन सोडल्यावर हालचाल थांबते का, झोप, भूक, कामधंदा सुरळीत आहे का, एवढे पाहावे. ते बिघडत असेल तर साधना आवरती घ्यावी, जाणत्याला विचारावे आणि डॉक्टरांकडेही जावे. मेंदूच्या किंवा मज्जातंतूंच्या आजाराला 'क्रिया' म्हणून घरी बसवण्यात कोणतीही भक्ती नाही.