हातच्याची तालीम

बेरीज करतांना हातचा लक्षांत धरून पुढच्या घराकडे वळण्याची जी मनाची शक्ति, तीस मानसशास्त्रांत कार्यकारी स्मृति म्हणतात. ती सरावानें वाढवावी, म्हणजे विचार व निर्णय दोन्ही सुधारतील, ही आशा मोठी गोड आहे. तिचा इतिहास मात्र तितकासा गोड नाहीं.

स्मृतीस तालीम देऊन पाहण्याचा एक जुना प्रयोग विल्यम जेम्स यानें स्वतःवरच केला व १८९० च्या आपल्या ग्रंथांत नमूद केला. व्हिक्टर ह्यूगोच्या एका काव्याच्या १५८ ओळी पाठ करण्यास त्याला सुमारें १३२ मिनिटें लागलीं. मग रोज वीसएक मिनिटें खपून ३८ दिवसांत त्यानें मिल्टनच्या ‘पॅरडाइज लॉस्ट’चा पहिला सर्ग मुखोद्गत केला आणि पुन्हां ह्यूगो हातीं घेतला. पुढच्या १५८ ओळींस १५१ मिनिटांहून अधिक लागलीं! आपण त्या वेळीं इतर कामानें थकलों होतों, ही पुस्ती त्यानेंच जोडली आहे. १९०१ सालीं थॉर्नडाइक व वुडवर्थ यांनीं दाखविलें कीं, एका प्रकारच्या आकृतीचें क्षेत्रफळ अजमावण्याचा सराव दुसऱ्या प्रकारच्या आकृतीस फारसा उपयोगी पडत नाहीं. लॅटिन घोकल्यानें बुद्धि आपोआप धारदार होते, या मास्तरी श्रद्धेस तो मोठाच धक्का होता.

पण आम्हांस सर्वांत बोधप्रद वाटतो तो १९८० सालीं प्रसिद्ध झालेला कार्नेगी-मेलन विद्यापीठांतील प्रयोग. सामान्य बुद्धीच्या एका विद्यार्थ्यानें वीस महिन्यांत २३० तासांहून अधिक सराव केला. प्रथम एका दमांत सात आंकडे सांगणारा तो शेवटीं ७९ सांगूं लागला. अक्षरें दिलीं तेव्हां मात्र गाडी सहावर अडली! तो धावण्याच्या शर्यतींचा शोकी होता. ३४९२ हे आंकडे ऐकतांच ‘३ मिनिटें ४९.२ सेकंद, मैलाच्या विक्रमाजवळची वेळ’ असा तो अर्थ लावी. हातच्याची जागा वाढली नव्हती. आंकड्यांस जुन्या ज्ञानाचा आधार मिळाला होता. आमच्या मराठी शाळांतील पावकी, निमकी, औटकी यांचेंहि मर्म आम्हांस हेंच दिसतें. सात औट साडेचोवीस हें जिभेवर तयार असलेल्या गिऱ्हाइकास गुणाकारांत गुंतावें लागत नसे. माल त्या भावाचा आहे कीं नाहीं, इकडे त्याचें लक्ष मोकळें राही.

२००८ सालीं सुझान येगी व तिच्या सहकाऱ्यांनीं आशा पुन्हां जागविली. पडद्यावरील चौकोनाची जागा व कानीं पडणारें अक्षर, दोन्ही कांहीं पायऱ्यांमागें काय होतीं तें ओळखण्याचा खेळ फार तर १९ दिवस खेळून सर्वसामान्य तर्कशक्ति वाढते, असा त्यांचा निष्कर्ष होता. २०१३ सालीं इतर संशोधकांनीं २० बैठकांचा तसाच सराव दिला. खेळांतील गुण वाढले; तर्काच्या परीक्षांत फरक पडला नाहीं. तोंवर मेंदूच्या व्यायामाचीं दुकानें थाटलीं गेलींच होतीं. शाळेंत व कामांत प्रगति होईल, ही जाहिरात पुराव्यावांचून केल्याच्या आरोपावरून ‘ल्युमॉसिटी’च्या चालकांस २०१६ सालीं अमेरिकेच्या व्यापार आयोगाशीं तडजोडीदाखल २० लाख डॉलर भरावे लागले. त्याच वर्षीं ८७ प्रबंधांचा एकत्रित आढावा निघाला. त्यांत, शिकविलेल्या खेळाच्या जवळच्या स्मृतिपरीक्षांत लोक पुढें गेलेले आढळले. वाचनाचें आकलन व गणित होतें तेथेंच राहिलें होतें.