तीन सेंटांची ट्राम: क्लीव्हलँडचे महापौर टॉम जॉन्सन
टॉम लॉफ्टिन जॉन्सन हे अमेरिकेच्या ओहायो राज्यातील क्लीव्हलँड शहराचे 1901 ते 1909 या काळातले महापौर. त्या काळात अमेरिकी शहरांमध्ये सुधारणेची मोठी चळवळ उभी राहिली होती. तिच्यातले बहुतेक पुढारी वकील, संपादक किंवा धर्मोपदेशक होते. जॉन्सन यांची गोष्ट वेगळी होती. ट्रामचे मक्ते मिळवून ते स्वतः कोट्यधीश झाले होते आणि पुढे त्याच मक्तेदारीविरुद्ध ते नऊ वर्षे लढले. शहराच्या रस्त्यांवरून कंपन्या नफा कसा काढतात, हे त्यांना पुस्तकांतून शिकावे लागले नाही.

त्यांचा जन्म 18 जुलै 1854 रोजी केंटकी राज्यात झाला. वडील यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूने लढले आणि युद्ध संपले तेव्हा घर कंगाल झाले होते. कुटुंब व्हर्जिनियातील स्टाँटन या गावी असताना अकरा वर्षांच्या टॉमची एका रेल्वे कंडक्टरशी ओळख झाली. गाडीतून वर्तमानपत्रे आणून विकण्याची मुभा कंडक्टरने फक्त त्यालाच दिली. स्पर्धक नसल्यामुळे टॉमने मनाला येईल तो भाव लावला आणि पाच आठवड्यांत 88 डॉलर मिळवले. कंडक्टर बदलला आणि धंदा बसला. मक्तेदारीचा पहिला धडा आपण तिथे शिकलो, असे त्यांनी आत्मचरित्रात सांगितले आहे.

1869 मध्ये लुइव्हिल येथे ड्युपाँट घराण्यातील दोन भावांच्या ट्राम कंपनीत त्यांना नोकरी लागली. तेव्हा ट्राम घोडे ओढत. जॉन्सन लवकरच व्यवस्थापक झाले. प्रवाशाने टाकलेले नाणे काचेतून दिसेल अशी भाड्याची पेटी त्यांनी तयार केली, आणि तिच्या पेटंटाने त्यांच्या हाती पहिले भांडवल आले. 1876 मध्ये त्यांनी इंडियानापोलिसची ट्राम घेतली, 1879 मध्ये क्लीव्हलँडमध्ये पाऊल टाकले आणि पुढे डेट्रॉइट व ब्रुकलिनच्या ट्रामधंद्यातही ते शिरले. जॉन्सटाउन आणि लोरेन येथे ट्रामच्या रुळांचे पोलाद कारखाने त्यांनी उभे केले. क्लीव्हलँडमध्ये त्यांचे प्रतिस्पर्धी होते मार्क हॅना, म्हणजे 1896 मध्ये मॅकिन्लींना राष्ट्राध्यक्षपदी बसवणारे रिपब्लिकन पक्षाचे सूत्रधार. शहराच्या पश्चिम भागातून पूर्व भागात जाणाऱ्या प्रवाशाला दोनदा भाडे भरावे लागे. जॉन्सन यांनी एकाच भाड्यात सलग प्रवास देऊ केला आणि प्रवासी आपल्याकडे वळवले.

1883 च्या सुमारास आगगाडीत त्यांच्या हाती अर्थविचारक हेन्री जॉर्ज यांचे पुस्तक पडले. शहर वाढते तशी जमिनीची किंमत वाढते. ती वाढ जमीनमालकाच्या कष्टातून येत नाही, सगळ्या समाजाच्या वावरातून येते. म्हणून कर त्या किमतीवर बसवावा आणि श्रमाला मोकळे सोडावे, असे जॉर्ज यांचे म्हणणे होते. जॉन्सन यांनी आपल्या वकिलाला या युक्तिवादातली चूक शोधायला सांगितले. वकिलाला ती सापडली नाही. मग जॉन्सन स्वतः जॉर्ज यांना भेटले आणि त्यांच्या आग्रहावरून राजकारणात आले. 1891 ते 1895 अशी चार वर्षे ते डेमोक्रॅटिक पक्षातर्फे काँग्रेसमध्ये होते. स्वतः पोलादी रूळ बनवत असूनही परदेशी रुळांवरचा आयातकर उठवावा, असे ते सभागृहात उभे राहून सांगत. मतदारांपुढे अशी साक्ष देणारे कारखानदार त्या काळी फार नव्हते, आणि आजही नाहीत.

शतक संपता संपता त्यांनी धंद्यातून अंग काढून घेतले आणि एप्रिल 1901 मध्ये महापौरपदाची निवडणूक जिंकली. सरोवरकाठची शहराची मौल्यवान जमीन रेल्वे कंपन्यांना देण्याचा ठराव आधीच्या कारभाऱ्यांनी केला होता. त्यावरच्या न्यायालयीन स्थगितीची मुदत संपत आली होती. निवडणुकीचा निकाल अधिकृत होताच जॉन्सन यांनी घाईने शपथ घेतली आणि तो व्यवहार अडवला.

त्यांच्या प्रचारसभा सर्कशीच्या तंबूत होत. तंबू कुठल्याही वस्तीत नेता येई, आणि तिथे विरोधकही उठून प्रश्न विचारत. माणसे निवडताना त्यांनी पक्ष पाहिला नाही. शहराचे कायदेविषयक काम न्यूटन बेकर या तरुण वकिलाकडे आले, जे पुढे महापौर आणि पहिल्या महायुद्धात अमेरिकेचे युद्धमंत्री झाले. पाणीपुरवठा अर्थतज्ज्ञ एडवर्ड बेमिस यांच्याकडे गेला. तुरुंग आणि धर्मादाय संस्था हॅरिस कूली या धर्मोपदेशकांनी सांभाळली. दंड भरता न आल्यामुळे तुरुंगात पडलेल्या शेकडो गरिबांना त्यांनी सोडवले आणि वॉरन्सव्हिल येथे विस्तीर्ण शेतीवर कैदी, वृद्ध व क्षयरोग्यांसाठी वसाहत उभारली. पीटर विट यांनी घराघरांच्या करआकारणीचे नकाशे लोकांपुढे मांडले. शेजारशेजारच्या मालमत्तांवरचे कर किती विषम आहेत आणि वजनदार लोक किती कमी भरतात, हे त्यावरून कोणालाही कळे. न्यायालयाने हे काम पुढे थांबवले. बागांमधल्या ‘हिरवळीवर चालू नये’ अशा पाट्या काढल्या गेल्या आणि गरीब वस्त्यांत सार्वजनिक स्नानगृहे बांधली गेली. 1903 मध्ये डॅनियल बर्नहॅम आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी शहराच्या मध्यभागी सार्वजनिक इमारती व मोकळे मैदान यांचा आराखडा दिला. आजचा क्लीव्हलँड मॉल त्यातूनच झाला. पत्रकार लिंकन स्टेफन्स यांनी 1905 मध्ये जॉन्सन यांना देशातले सर्वोत्तम महापौर ठरवले.

खरी लढाई मात्र ट्रामची होती. खासगी कंपनी पाच सेंट भाडे घेई. तीन सेंटांत ट्राम चालवता येते, असा जॉन्सन यांचा दावा होता, आणि त्यांना तो हिशेब घरचा होता. कंपन्यांचा मोठा नफा गाड्यांतून नव्हे, तर मक्त्याच्या जोरावर फुगवलेल्या भागभांडवलातून येतो, हे ते जाहीरपणे मांडत. शहराने स्वतः ट्राम चालवायला राज्याचा कायदा आड येत होता. म्हणून लाभांशावर मर्यादा असलेली कंपनी काढून तिच्याकडे मार्ग सोपवायचे, अशी वाट त्यांनी शोधली. तिचे प्रमुख झाले ए. बी. ड्युपाँट, म्हणजे ज्या घराण्याने जॉन्सन यांना पहिली नोकरी दिली त्यातलेच. जुन्या कंपनीने एकामागून एक मनाई हुकूम आणले. त्यांची संख्या पन्नासाच्या पुढे गेली. तरीही 1 नोव्हेंबर 1906 रोजी तीन सेंटांची पहिली ट्राम धावली आणि एप्रिल 1908 मध्ये शहरातील सगळी ट्राम नव्या व्यवस्थेखाली आली.

ती व्यवस्था फार टिकली नाही. 1907 च्या आर्थिक पडझडीमुळे उत्पन्न घटले होते. मे 1908 मध्ये कामगारांनी संप केला. खर्च भागवण्यासाठी फेऱ्या आणि थांबे कमी केले गेले, तेव्हा प्रवासी चिडले. ऑक्टोबर 1908 च्या सार्वमतात योजना थोडक्या मतांनी हरली आणि ट्राम न्यायालयनियुक्त प्रशासकाकडे गेली. जॉन्सन यांनी इथे घाई केली असे म्हणावे लागते. शहरभराची व्यवस्था एकाच दिवशी ताब्यात घेऊन तिचे भाडेही त्याच दिवशी उतरवणे तिला पेलवले नाही. पण मूळ तत्त्व हरले नाही. न्यायाधीश रॉबर्ट टेलर यांनी सुचवलेल्या तोडग्याला मतदारांनी 1910 मध्ये मान्यता दिली. कंपनीला भांडवलावर सहा टक्क्यांपुरता परतावा मिळावा, भाडे खर्चानुसार कमीजास्त व्हावे आणि सेवेवर शहराचा ताबा असावा, असे त्यात ठरले. सुरुवातीचे भाडे तीन सेंटच होते.

तोवर जॉन्सन पदावर नव्हते. 1909 मध्ये पाचव्यांदा उभे राहिल्यावर हर्मन बेअर यांनी त्यांना हरवले. संपत्ती आटली होती, युक्लिड अॅव्हेन्यूवरचा वाडा गेला होता आणि प्रकृती ढासळली होती. 10 एप्रिल 1911 रोजी क्लीव्हलँडमध्ये त्यांचे निधन झाले. ब्रुकलिनच्या ग्रीनवुड दफनभूमीत हेन्री जॉर्ज यांच्याजवळ त्यांना पुरण्यात आले. शहराच्या पब्लिक स्क्वेअर चौकातील त्यांच्या पुतळ्याच्या हाती जॉर्ज यांचेच पुस्तक आहे.

त्यांचे सर्वांत टिकाऊ काम ट्रामचे नव्हे, विजेचे ठरले. जॉन्सन यांच्या कारकिर्दीत साउथ ब्रुकलिन हे लगतचे खेडे शहरात सामील झाले, तेव्हा त्याचे छोटे वीजघर शहराच्या मालकीचे झाले. 1914 मध्ये बेकर यांनी मोठे वीजघर सुरू केले आणि त्याचा विस्तार झाला. डिसेंबर 1978 मध्ये बँकांचा दबाव असूनही ते विकायला महापौर डेनिस कुसिनिच यांनी नकार दिला आणि शहराची कर्जफेड चुकली. पुढच्या फेब्रुवारीत मतदारांनी वीजघर राखण्याच्या बाजूने कौल दिला. ‘क्लीव्हलँड पब्लिक पॉवर’ या नावाने ही वीजसेवा आजही शहराच्याच मालकीची आहे.