रूळ कोणाचे, कायदा कोणाचा? नांदेड-लातूरच्या आगगाडीचा धडा

(१/९)
२० ऑक्टोबर २०२२ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. मे २०२३ मध्ये आयर्लंडच्या नियामकाने मेटाला १२० कोटी युरोंचा दंड केला. कारण, युरोपातील वापरकर्त्यांची माहिती अमेरिकेत पाठवणे. कंपनी एका देशाची आणि ग्राहक दुसऱ्या देशाचे असतील, तर कायदा कोणाचा चालावा? मराठवाड्याला हा प्रश्न नवा नाही. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी तो रुळांवरून येथे आला.

(२/९)
त्या काळचे प्रगत तंत्रज्ञान म्हणजे आगगाडी. निजामाच्या राज्यात वाडी ते हैदराबाद हा मार्ग १८७४ मध्ये सुरू झाला. पुढील विस्तारासाठी १८८३ मध्ये करार झाला आणि लंडनमध्ये भांडवल उभारणारी ‘निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे’ ही कंपनी पुढे आली.

(३/९)
नावातील ‘गॅरंटीड’ हा शब्द महत्त्वाचा आहे. भागधारकांच्या भांडवलावर २० वर्षे ५ टक्के व्याजाची हमी निजाम सरकारने दिली होती. रेल्वेचे उत्पन्न कमी पडले, तर तूट सरकारी खजिना भरून देणार. त्या खजिन्याचा मोठा आधार शेतसारा होता. अर्थात, जोखीम येथील रयतेची आणि निश्चित परतावा लंडनच्या गुंतवणूकदारांचा.

(४/९)
या व्यवहाराला हैदराबादेतच विरोध झाला. तो ‘चांदा रेल्वे आंदोलन’ म्हणून ओळखला जातो. सरोजिनी नायडूंचे वडील डॉ. अघोरनाथ चट्टोपाध्याय, मुल्ला अब्दुल कय्यूम आदी सुशिक्षितांनी योजनेच्या अटी लोकांपुढे मांडाव्यात, अशी मागणी केली. उत्तर म्हणून १८८३ मध्येच अघोरनाथांना राज्याबाहेर काढण्यात आले. कंपनीला प्रश्न विचारणाऱ्यालाच शिक्षा झाली.

(५/९)
विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर याच कंपनीची मीटरगेज गाडी नांदेडला पोहोचली. हैदराबाद ते मनमाड हा गोदावरी खोऱ्यातील मार्ग नांदेड, परभणी, जालना, औरंगाबाद अशी गावे जोडत गेला. मनमाडला तो ब्रिटिश मुलखातील रेल्वेला मिळत असे. एकच गाडी दोन राज्यसत्तांच्या हद्दीतून धावू लागली.

(६/९)
मग रुळांखालच्या जमिनीवर हुकूम कोणाचा? संस्थानांतून जाणाऱ्या प्रमुख मार्गांच्या जमिनीवरील न्यायाधिकार ब्रिटिश सरकार करारान्वये मागून घेई. कुंपणाबाहेर संस्थानचे न्यायालय, कुंपणाआत ब्रिटिश कायदा. परंतु हा अधिकार नेमका किती? याची कसोटी ‘मुहम्मद यूसुफुद्दीन विरुद्ध राणी-सम्राज्ञी’ या खटल्यात लागली. सिमल्याच्या न्यायदंडाधिकाऱ्याच्या वॉरंटवर निजामाच्या एका प्रजाजनाला संस्थानातील रेल्वे स्थानकावर अटक झाली होती. आरोपाचा रेल्वेशी काही संबंध नव्हता.

(७/९)
१८९७ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने ही अटक बेकायदा ठरवली. निजामाने अधिकार दिला तो रेल्वेच्या कारभारापुरता. त्यापलीकडे जाऊन ब्रिटिश सरकारला तेथे अटक करता येणार नाही, असा त्याचा आशय. साम्राज्याच्याच सर्वोच्च न्यायपीठाने साम्राज्याला करारातील मर्यादा दाखवली. संस्थानकडे बळ नव्हते, तरी अधिकार किती दिला याची मोजणी होऊ शकली.

(८/९)
लातूरची कथा याहून वेगळी. लंडनमध्ये १८९५ साली नोंदवलेल्या ‘बार्शी लाइट रेल्वे’ची अडीच फुटी नॅरोगेज १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी धावली. हा ब्रिटिश सोलापूर जिल्हा. पुढे निजामाची हद्द ओलांडून ती १९११ मध्ये लातूरला आली. लातूरच्या बाजारपेठेला दूरचे गिऱ्हाईक मिळाले. पण कुर्डुवाडीला माल उतरवून मोठ्या गाडीत पुन्हा चढवावा लागे. सीमेवरून जाणाऱ्या मालावर निजाम सरकार ‘करोडगिरी’ म्हणजे जकात घेऊ शके. कंपनीची मालकी मात्र लंडनमध्येच होती. शेवटी दोन्ही ठिकाणी सरकारला कंपनी विकतच घ्यावी लागली: निजामाने १९३० मध्ये आपली रेल्वे घेतली, तर बार्शी लाइट १९५४ मध्ये भारत सरकारकडे आली.

(९/९)
आता गूगलच्या दंडाकडे पुन्हा पाहावे. स्पर्धा कायदा, २००२ च्या कलम ३२ नुसार कृत्य भारताबाहेर घडले, तरी त्याचा परिणाम येथील बाजारावर होत असेल, तर आयोगाला चौकशी करता येते. हैदराबादकडे १८८३ मध्ये असे कलम नव्हते. होता तो फक्त करार, आणि त्याच्या अटी विचारणाऱ्याला हद्दपारी. म्हणून दंडाच्या आकड्याइतकेच दोन प्रश्न महत्त्वाचे ठरतात: अधिकार कोणाच्या हाती आहे, आणि अटी लोकांना वाचता येतात का? नांदेड-लातूरच्या पूर्वजांना या दोन्हींचे उत्तर मिळायला दोन पिढ्या लागल्या.